पप्पा, क्युसेक आणि हळदी-कुंकू बदक

'पाणी बघायला पैसे देऊन जायचं? आन् ते बी नांदूर मधमेश्वरला?'

हा पप्पांचा पहिला सवाल. नांदेडहून, फोन स्पीकरवर टाकून. मागे मम्मीचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं.

खरं सांगायचं तर हा वीकएंड पप्पांसाठी नव्हताच. ऑफिसमधली मैत्रीण आणि मी, असा दोघींचा प्लॅन. जानेवारी 2024, शनिवार-रविवार, गाइडसोबत पक्षी निरीक्षण, एक मुक्काम, नाश्ता-जेवण सगळं पॅकेजमध्ये. दुर्बीणसुद्धा उसनी मिळवली होती. आणि सोमवारी मॅडमचं प्रोजेक्ट अचानक पेटलं. मैत्रीण आउट, पैसे परत मिळणार नाहीत, एक जागा रिकामी! मग विचार केला, घरातल्या कुणाला तरी ओढावं. मम्मीने 'मला कशाला त्या थंडीत' म्हणून अंग काढून घेतलं. उरले पप्पा.

आता, पुण्यात तुम्ही कुणाला 'नांदूर मधमेश्वर' म्हणालात तर पाचातले तीन जण विचारतील, हे देवस्थान कुठे आलं? पक्ष्यांचा नाद असलेला एखादा म्हणेल, अरे वा, महाराष्ट्राचं भरतपूर! आमच्या घरात मात्र हे नाव मी बाराखडीच्या आधी ऐकलं असेल. कारण पप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते आणि जुलै उजाडला की रोज सकाळी चहाबरोबर एकच विषय... नांदूर मधमेश्वरमधून किती क्युसेक सुटलं? नाशिककडे पाऊस झाला, गंगापूर आणि दारणा धरणं भरली की ते पाणी गोदावरीतून नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर येतं. तिथून सुटलं की जायकवाडीत. आणि जायकवाडी भरलं तर मराठवाड्याचं वर्ष निघालं. इतरांचे वडील क्रिकेटचा स्कोअर विचारायचे, आमचे क्युसेक विचारायचे. (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. हे मला चौथीत पाठ होतं. आजवर कुठल्याही इंटरव्ह्यूत कुणी विचारलेलं नाही.)

पप्पांना न्यायचं आणखी एक कारण होतं, ते मी फोनवर सांगितलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. रात्री अकराला मम्मीचा फोन आला. मिळेल ती ट्रॅव्हल्स पकडून मी नांदेडला पोचले तेव्हा दुसऱ्या दिवशीचे अकरा वाजले होते आणि स्टेंट टाकून झालेले पप्पा नर्सकडे चहा मागत होते. सगळं नीट पार पडलं. पण त्या बारा तासांत, त्या स्लीपरच्या वरच्या बर्थवर, मी काय काय विचार केले ते... जाऊ द्या.

तेव्हापासून माझा एककलमी कार्यक्रम. दोघांनी पुण्याला यायचं. वाकडला दोन बीएचके भाड्याने घेतलाय, त्यातली एक खोली रिकामीच आहे. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. फोनवर हा विषय काढला की पप्पा म्हणतात, 'बघू.' आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. तेव्हा ठरवलं, दोन दिवस, ना मम्मी मध्ये, ना टीव्ही, ना शेजारचे काका. समोरासमोर बसून सोक्षमोक्ष लावायचा. पक्षी बिक्षी आपले निमित्ताला.

शुक्रवारी संध्याकाळी नाशिकरोडला तपोवन एक्स्प्रेसमधून पप्पा उतरले ते माकडटोपी घालूनच. हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्धापूरची केळी. चांगली दोन डझन!

'दोन दिवसांसाठी एवढी?'

'गाइडला द्यायला.'

गाइडला अजून आम्ही पाहिलंही नव्हतं.

निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत वाचली असेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो. पण पेपरात वाचणं वेगळं आणि पहाटे पाचला त्या थंडीत काच नीट न लागणाऱ्या जीपमध्ये बसणं वेगळं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, त्यांत ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या, धूर जमिनीलगत पसरलेला.

'एवढ्या पहाटं लोक शेकायला बसलेत?' पप्पा.

'माणसं नाही काका, द्राक्षं शेकतात,' ड्रायव्हर म्हणाला. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून रात्रभर बागेत जाळ करायचा. पप्पांनी मान डोलावली. पहिला पॉइंट नाशिकला.

चापडगावच्या बाजूला, वन खात्याच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी आमचा गाइड उभा होता. तेवीस-चोवीस वर्षांचा, तिथल्याच गावातला. खांद्यावर तिपाईसकट मोठी दुर्बीण. सकाळी पक्षी, दुपारी कांदा, असं त्याने स्वतःचं वेळापत्रक सांगितलं. मग सूचना : आवाज हळू, चालणं हळू, पांढरे कपडे नकोत. मी पप्पांकडे बघितलं. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट! रिटायर झाल्यावरही बाहेर पडायचं म्हणजे पांढरा शर्ट, हा त्यांचा युनिफॉर्म. गाइडने काही न बोलता स्वतःचं मातकट जॅकेट काढून पप्पांना दिलं. पप्पांनी काही न बोलता चार केळी त्याच्या हातात ठेवली. ओळख झाली.

आवाजाची अडचण मात्र शेवटपर्यंत राहिली. आयुष्यभर कालव्याच्या या काठावरून त्या काठाशी बोललेला माणूस. कुजबुजायला लागले तरी पाणकावळे उडत होते.

सूर्य वर आला आणि धुकं सुटायला लागलं. मी तर वेडीच झाले. जिथे नुसता राखाडी पडदा होता तिथे आधी पाणवनस्पतींचे पुंजके, मग त्यांच्यामधल्या पाण्याच्या गल्ल्या आणि मग त्या गल्ल्यांत... अक्षरशः ट्रॅफिक! काळे, पांढरपोटे, तुरेवाले, लांब पायांचे, नुसते शेपटी वर करून पाण्यात डोकं खुपसलेले. गाइडने दुर्बीण लावून दिली आणि पहिल्यांदा दिसली ती जांभळी पाणकोंबडी. जांभळा-निळा अंगरखा, लाल चोच, लाल पाय आणि प्रत्येक पावलाला शेपटीचा झटका. एका पायात लव्हाळ्याचा कोंब धरून, आपण ऊस खातो तसा सोलून खात होती. मी 'पप्पा, बघा बघा' करत मागे वळले.

पप्पा दुसरीकडेच बघत होते. बंधाऱ्याच्या दिशेने.

'कोणत्या साली बांधलाय हा?' त्यांनी गाइडला विचारलं.

'इंग्रजांच्या काळातला, काका. शंभराच्या वर वर्षं झाली.'

'आन् गाळ किती हाय?'

पक्षी बघायला आलेल्या पाहुण्याने हा प्रश्न विचारण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. पण गाइड खूश झाला. म्हणाला, गाळच गाळ आहे काका, आणि तो आहे म्हणूनच हे सगळं आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा घातला, पाणी अडलं, त्यातून कालवे काढले. पण दर पावसाळ्यात दोन्ही नद्या माती घेऊन येत राहिल्या. शंभर वर्षांत तळ वर आला, मध्ये बेटं तयार झाली, पाणी उथळ झालं. उथळ पाण्यात वनस्पती वाढली, वनस्पतीत किडे, शंख-शिंपले, मासे. आणि ते खायला पक्षी. कुणी ठरवून केलेलं नाही. 1986 साली अभयारण्य जाहीर झालं. 2019 मध्ये रामसर यादीत नाव गेलं, महाराष्ट्रातली पहिलीच पाणथळ जागा. (रामसर हे इराणमधलं गाव. पाणथळ जागा वाचवायचा आंतरराष्ट्रीय करार 1971 मध्ये तिथे झाला. मला आधी वाटायचं कुणी रामसर म्हणून शिक्षक असतील!) महाराष्ट्रातली लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर त्या यादीत आली.

पप्पा ऐकत होते, पण त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला गाळ म्हणजे काय, हे मला माहीत आहे. गाळ म्हणजे धरणाचा मधुमेह. हळूहळू, आतून, दरवर्षी थोडी क्षमता कमी. त्यांच्या नोकरीची किती वर्षं चारी साफ करा, गाळ काढा, झुडपं तोडा, याच्यात गेली. शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही, कारण मध्ये गाळ. शिव्या कुणाला, तर कालवा निरीक्षकाला.

'म्हंजी धरण म्हणून हे बाद झालेलं हाय,' पप्पा म्हणाले.

'धरण म्हणून थोडं बाद झालं, काका. पण इथं पक्ष्यांच्या दोनशेच्या वर जाती आहेत.'

पप्पा यावर काही बोलले नाहीत. पण पहिल्यांदाच त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला.

पुढचा अर्धा तास मी त्यांना सोडूनच दिलं. गाइड एकेक नाव सांगत होता. पक्ष्यांची मराठी नावं तुम्ही कधी ऐकलीत का? आपल्याला सगळं इंग्रजीतून येतं, 'पिनटेल', 'कूट' वगैरे, आणि मग ते कॅटलॉग वाचल्यासारखं वाटतं. मराठीत तलवार बदक, थापट्या, शेकाट्या, चित्रबलाक! कूटला वारकरी म्हणतात. काळाकुळकुळीत आणि कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा. आणि एकटा नाही, दिंडी करून पोहणारा. पप्पांची कळी तिथे खुलली. 'टाळ कुठंय मग?' म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर इतक्या मोठ्याने हसले की आख्खी दिंडी पलीकडच्या बेटाला गेली.

मग हळदी-कुंकू बदक. साधं तपकिरी बदक, पहिल्या नजरेत काहीच नाही. पण काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचे ठिपके. पप्पांनी मला मोबाइलवर फोटो काढायला लावला. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून तीन-चार प्रयत्नांत जमलं. 'मम्मीला पाठव. म्हणावं, संक्रांतीचं वाण लुटायला आलंय.'

सगळं असं मस्त चाललेलं असताना पाण्याचा विषय निघालाच. न निघून कसं चालेल! गाइड सहज सांगत होता की पाणी जास्त झालं की उथळ जागा बुडते, चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे जातात. दरवाजे उघडले, मिटले की इथली पातळी हलते. आणि म्हणाला, 'आता नोव्हेंबरात तुमच्यासाठी पाणी सोडलं ना काका, तेव्हा आमच्याकडं लई बोंबाबोंब झाली.'

झालं! वाचकहो, मराठवाड्यातल्या माणसासमोर ही दोन वाक्यं एका श्वासात कधीही बोलू नका.

सूत्र असं होतं की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल, तर नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2005 च्या कायद्यातून आलेली समन्यायी वाटपाची भानगड. 2023 ला पाऊस कमी झाला, जायकवाडी भरलं नाही आणि 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. वरच्यांचा विरोध, खालच्यांची आंदोलनं, कोर्टकचेऱ्या. दर दोन-चार वर्षांनी हेच.

'आमच्यासाठी सोडलं म्हणू नको,' पप्पा म्हणाले. आवाज एकदम कालव्यावरचा. 'आमच्या हक्काचं होतं.'

'हो काका. पण आमच्या बागा पण त्याच्यावरच...'

'आन् आमची काय वाळूवर हायेत का?'

मी मध्ये पडणार होते. अँजिओप्लास्टीला चारच महिने झालेले! पण गाइड शांत. त्याने दुर्बीण फिरवत फिरवत विचारलं, 'काका, मग तुमच्या खालचे तेलंगणावाले तुम्हाला काय म्हणतात?'

पप्पा थांबले. आणि हसायला लागले. कारण हे त्यांच्या वर्मावरच बोट होतं. आमच्या नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. खालच्या राज्याने त्याला विरोध केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2013 च्या निकालाप्रमाणे बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावे लागतात. म्हणजे ऐन पावसाळ्यात पाणी समोरून जाताना बघत बसायचं. शिवाय 1 मार्चला थोडं पाणी खाली सोडायचं. नांदेडकर नाशिककरांना जे म्हणतात, शब्दशः तेच खालचे लोक नांदेडकरांना म्हणतात, फक्त तेलुगूत.

'लई हुशार हाय हा,' पप्पा मला म्हणाले, आणि गाइडला अजून दोन केळी दिली.

(पुण्याला परत आल्यावर गुगल केलं तर खऱ्या भरतपूरचीही हीच कथा. केवलादेवचं ते जगप्रसिद्ध अभयारण्यही माणसाने बांध घालून तयार झालेलं, आणि 2004 च्या सुमारास तिथेही पांचना धरणाचं पाणी पक्ष्यांना की शेतकऱ्यांना, यावरून मोठा वाद झाला होता. तेव्हा 'महाराष्ट्राचं भरतपूर' हे नाव जरा जास्तच चपखल बसलंय.)

तेवढ्यात पाण्यावर काहीतरी बदललं. आधी आवाज थांबले. मग एकदम हजारो पंख! समोरचं आख्खं पाणी उचलून हवेत गेल्यासारखं झालं. गाइडने बोट दाखवलं. लव्हाळ्याच्या शेंड्यांवरून एक शिकारी पक्षी सावकाश, पंख इंग्रजी व्हीसारखे धरून, तरंगत येत होता. दलदल हारीण. तो गेला, थवे दोन-तीन घिरट्या घालून पुन्हा आपापल्या जागी बसले. सगळं मिळून दोन मिनिटं. पप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता. कधी ठेवला, मला कळलंच नाही.

मुक्काम गावातल्याच एका घरी होता. बाजरीची भाकरी, शेवभाजी, ठेचा. पप्पांसाठी तेल कमी टाकायला सांगितलं तर माउलींनी 'इथली हवाच औषध हाय' म्हणून नेहमीसारखंच टाकलं. जेवणाआधी हातपाय धुवायला चुलीवरचं कडकडीत पाणी बादलीभर मिळालं होतं. पप्पांनी अर्धीच बादली वापरली आणि उरलेली झाकून ठेवली. ही त्यांची सवय. हॉटेलात राहिलो तरी तेच करतात. पूर्वी मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

2016 साली मी लातूरला बारावीला होते. लातूर पॅटर्न! नांदेडची मुलगी लातूरला शिकायला ठेवली म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनिअर होऊनच परत येणार, अशी आमच्याकडे पक्की समजूत. बोर्डाची परीक्षा संपली, सीईटीचा क्रॅश कोर्स सुरू झाला आणि शहरातलं पाणी संपलं. संपलं म्हणजे खरोखर संपलं. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती 144 कलम लागलं होतं, पाण्यावरून दंगल होऊ नये म्हणून! आमच्या मेसमध्ये ताटं धुवायला नकोत म्हणून पत्रावळी आल्या. आम्ही चौघी मैत्रिणी एका बादलीत कपडे भिजवायचो आणि तेच पाणी मग संडासला. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. टीव्हीवाल्यांची हीऽ गर्दी. आम्ही मुली क्लास बुडवून ती रेल्वे बघायला गेलो होतो. आगगाडीला हार घातलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्याच्या आधीच्या रविवारी पप्पा आले होते. एसटीने. लोहा, अहमदपूर, चाकूर करत, वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेऊन. एक पायात, एक मांडीवर. कंडक्टरने विचारलं म्हणे, 'तूप हाय का काय?' पप्पा म्हणाले, 'हाव.' तिकीट लागू नये म्हणून नाही, पाणी म्हटलं तर बसमध्ये कुणी मागेल म्हणून. चाळीस लिटर पाणी माझ्या खोलीत ठेवून, एक घोटही न पिता, परतीच्या गाडीने गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताला पाणी मोजून देणारा माणूस. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या रात्री, अंथरुणं घातल्यावर, मी विषय काढला. खोली, हॉस्पिटल, लिफ्ट, बाग, ज्येष्ठांचा योगा क्लब. सगळं प्रेझेंटेशन पाठ केल्यासारखं.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'तुमच्या सोसायटीत पाणी कुठून येतंय?'

'टँकरने.'

'रोज?'

'उन्हाळ्यात रोज. एरवी अधूनमधून.'

'टँकर कुठं भरतंय?'

'मला काय माहीत पप्पा! येतो, टाकीत सोडतो, जातो.'

'तू इंजिनिअर ना?'

'सॉफ्टवेअर!'

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'माय, जिथं पाणी कुठून येतंय हे कुणालाच ठाऊक नाही, तिथं मी राहू कसा?'

मला रडूच आलं एकदम. रागाने. म्हटलं, 'आणि जिथे पोचायला मला बारा तास लागतात, तिथे मी तुम्हाला ठेवू कशी?'

यावर पप्पांकडेही उत्तर नव्हतं. बाहेर कुत्री भुंकत होती. कुठेतरी पाण्यावरून एखादा पक्षी ओरडायचा. बऱ्याच वेळाने त्यांनी 'झोप आता, पहाटं उठायचंय' म्हणून दिवा घालवला. मला झोप लागली नाही. त्यांनाही लागली नसावी, कारण घोरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे क्रौंच दिसले. उंच, राखाडी, शेताच्या कडेला रांगेत उभे. गाइड म्हणाला, हे पार युरोप-आशियाच्या थंड प्रदेशातून येतात, फेब्रुवारी-मार्चला परत. 'दरसाल?' पप्पांनी विचारलं. 'दरसाल. ज्या वर्षी पाणी नसेल त्या वर्षी दुसरीकडे उतरतात, पण येतात.' पप्पांनी खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. आदल्या दिवसापासून ते लिहीत होते, मला वाटलं खर्चाचा हिशोब असेल.

परतताना जीपमध्ये ती वही माझ्या हाती लागली. पट्टीने आखलेले रकाने. वेळ. ठिकाण. पक्षी. नग. शेरा. 'नग'! हळदी-कुंकू बदक, 14 नग, शेरा : जोडीने. वारकरी, अंदाजे 200 नग, शेरा : टाळ नाही. चित्रबलाक, 9 नग, शेरा : उभेच. दलदल हारीण, 1 नग, शेरा : वसुली अधिकारी. आणि सगळ्यात शेवटी, पक्ष्यांच्या यादीत त्याचं काही काम नसताना : गाळ, भरपूर. शेरा : चांगला.

नाशिकरोडला नांदेडची गाडी यायला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर आम्ही उरलेली केळी खाल्ली. पप्पा एकदम म्हणाले, 'हिवाळ्यात दोन महिने येऊन राहायला हरकत नाही. मम्मीला विचारतो. उन्हाळ्यात नाही. उन्हाळ्यात तुमच्याकडं पाणी नसतंय.'

'नांदेडला असतं का?'

'नसतंय. पण ते कुठून येत नाही, हे मला ठाऊक हाय.'

गाडी आली. जॅकेट गाइडला परत द्यायचं राहूनच गेलं, ते पप्पांच्या अंगावरच नांदेडला गेलं. (नंतर धुऊन, इस्त्री करून, कुरिअरने पाठवलं. सोबत लोह्याचे शेंगदाणे.)

2024 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला धो धो पाऊस झाला. मी मीटिंगमध्ये असताना पप्पांचा फोन. घाबरून बाहेर आले, उचलला.

'नांदूरमधून विसर्ग वाढवलाय,' पप्पा. दरवर्षीचा आनंद आवाजात होताच. मग जरा थांबून म्हणाले, 'ती बेटं बुडाली असतील गं. त्या वारकऱ्यांचं काय झालं असंल?'

मी गाइडला मेसेज टाकला. अर्ध्या तासाने उत्तर आलं : 'ताई, काकांना सांगा, वारकऱ्यांना पोहता येतं.'

ते तसंच पप्पांना फॉरवर्ड केलं. त्यांचं उत्तर लगेच आलं.

'ठीक. जायकवाडी किती टक्के झालं बघ.'